नाव कुणाचं लागणार?

“पण त्याने पैसे घेतले होते ना?”

सिनेमा संपत आला होता, तेव्हा मागून हा प्रश्न आला. विचारणारा मुलगा तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करतो. सेकंड शिफ्ट नसली की आमच्यात येऊन बसतो. पडद्यावर पाय मोडलेला, दारूने खंगलेला एक लेखक पंचविशीतल्या दिग्दर्शकाला सांगत होता की पटकथेवर माझं नाव लागलं पाहिजे. करार तसा नव्हता. करारात नावाचा हक्क त्याने सोडून दिला होता आणि ठरलेले पैसे उचलले होते.

“सही केली, पैसे घेतले, नाव नको हे कबूल केलं. आता काम चांगलं झालं म्हणून नाव पाहिजे? आमच्या ठेकेदाराला कुणी असं सांगून बघावं.”

अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झालेले काका म्हणाले, “बरोबर बोलतोय तो. करार तो करार.” दारापाशी बसलेल्या शिक्षिकेने तिथूनच उत्तर दिलं, “पैसे कामाचे घेतले. नावाचे कुठे घेतले?”

बोईसरला नवापूर रस्त्यावरच्या एका मित्राच्या घरी आम्ही काहीजण अधूनमधून जुने-नवे चित्रपट बघतो. भिंतीला पांढरी चादर, उसना प्रोजेक्टर, थंडीचे दिवस असले तर मित्राच्या आईने केलेली उकडहंडी. चित्रपट संपल्यावर गप्पा होतात आणि विरतात. त्या दिवशीच्या विरल्या नाहीत. त्या वादात मी अजून आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

चित्रपट होता ‘मँक’. डेव्हिड फिंचरने २०२० साली केलेला, कृष्णधवल, आणि मुद्दाम जुन्या वळणाचा. हर्मन मँकिविक्झ हा हॉलिवूडचा पटकथाकार त्याचा नायक. मूळचा पत्रकार आणि नाट्यसमीक्षक, मूकपटांच्या काळात पैशासाठी कॅलिफोर्नियात आला आणि तिथलाच झाला. १९४० साली ऑर्सन वेल्सने त्याला व्हिक्टरव्हिल या ओसाड गावातल्या एका रँचवर नेऊन बसवलं. पाय प्लास्टरमध्ये, दारूवर पहारा, शेजारी टंकलेखिका. तिथे बिछान्यावर पडल्या पडल्या त्याने जे सांगून लिहवलं त्यातून १९४१ सालचा ‘सिटिझन केन’ उभा राहिला. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट ज्याच्यामुळे पिसाळला, तो हाच चित्रपट. ऑस्करसाठी त्याला नऊ नामांकनं होती, मिळालं ते एकच, पटकथेचं, आणि ते दोघांच्या नावावर. २६ फेब्रुवारी १९४२ च्या त्या समारंभाला दोघांपैकी एकही हजर नव्हता. वेल्स ब्राझीलमध्ये चित्रीकरण करत होता.

आमच्या मंडळींना सुरुवातीचा भाग जड गेला, हे सांगायलाच हवं. माणसं भराभर बोलतात, खाली इंग्रजी अक्षरं पळतात, काळ मागे-पुढे उड्या मारतो. हा कोण, तो कोण, ही त्याची बायको की दुसऱ्याची, अशी कुजबुज चालू होती. जुन्या हॉलिवूडची ओळख असलेल्याला इथे प्रत्येक नावाशी थबकायला होतं. आम्हाला ती नावं म्हणजे नुसते आवाज. ज्याला ‘केन’ ठाऊक नाही त्याच्यासाठी हा चित्रपट दार उघडून देत नाही. फिंचरने हे जाणूनबुजून केलं असेल, पण मला तो चित्रपटाचा दोषच वाटतो. इतकी हुशारी प्रेक्षकाला बाहेर ठेवण्यात खर्च होऊ नये.

मग एम.जी.एम. स्टुडिओचा प्रमुख लुई मेयर कामगारांसमोर उभा राहिला.

या प्रसंगात तो आपल्या सगळ्या माणसांना एका मोठ्या दालनात जमवतो. मंदी आहे, बँका बंद आहेत, आपण सगळे एक कुटुंब आहोत, असं सांगत त्याचे डोळे भरून येतात. आठ आठवडे निम्म्या पगारावर काम करा, एवढंच मागणं. समोर सुतार, शिंपी, प्रकाशयोजनेची माणसं, नट. एकजण हो म्हणतो, मग सगळेच म्हणतात. मेयर बाहेर पडतो आणि लगेच त्याचा चेहरा कोरडा होतो, आपण कसे वठलो हे तो सोबतच्या माणसाला विचारतो. ही घटना खरी आहे. मार्च १९३३ मध्ये बँका बंद पडल्या तेव्हा स्टुडिओंनी अशी पगारकपात केली होती. त्याच संतापातून त्याच वर्षी पटकथाकारांची संघटना उभी राहिली.

खोलीतली कुजबुज थांबली. कोरोनाच्या वर्षात निम्मे पगार आमच्यातल्या दोघा-तिघांनी घेतले होते. त्या काळात लोकल बंद, बस कमी, गेटवर गर्दी आणि आत जाणाऱ्यांची यादी छोटी. कंत्राटी मुलगा हळूच म्हणाला, “आपल्याकडे रडले नव्हते. नोटीस लावली.” पुढे कुणालाही मध्येच काही समजावून सांगावं लागलं नाही. हॉलिवूडचा इतिहास ठाऊक नसलेली ही माणसं त्या दालनातल्या मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. इंग्रजी समीक्षकांनी या चित्रपटावर पुष्कळ लिहिलं, त्यातलं बरंच मी वाचलं. प्रकाशयोजनेवर, एकस्वरी ध्वनिमुद्रणावर, ‘केन’च्या नकलांवर. आमच्या खोलीत पोचला तो हा प्रसंग.

दुसरं एक घडलं, ते मला फार मोलाचं वाटतं. आमच्यात पालघरचे एक वयस्कर गृहस्थ येतात. तरुणपणी ते जत्रांमधून फिरत्या टुरिंग टॉकीजवर आणि नंतर एका थिएटरात मशीन चालवायचे. त्यांना इंग्रजी येत नाही, चित्रपटाशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. अचानक पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकून गेला. खुर्चीच्या हातावरचा त्यांचा हात उचलला गेला. काही सेकंदांनी पुन्हा ठिपका आला आणि त्यांचा अंगठा खाली दाबला गेला.

“रीळ बदलायची खूण,” ते म्हणाले. “पहिला टिपका आला की दुसरं मशीन चालू करायचं. दुसऱ्या टिपक्याला याचा पडदा बंद, त्याचा उघडा. मध्ये सात-आठ सेकंद. चुकलं की पडदा पांढरा आणि पब्लिकच्या शिव्या.” पुढे ते कार्बनच्या कांड्यांबद्दल बोलले. जळत जळत कांडी छोटी होते, अंतर सतत जुळवत राहावं लागतं, नाहीतर चित्र पिवळं पडतं. समोर नायिका मरत असो की गाणं चालू असो, त्यांचे डोळे कांडीवर नाहीतर कोपऱ्यावर. “मी कितीतरी सिनेमे पन्नास वेळा लावले. पाहिला त्यातला एकही नाही.”

फिंचरचा चित्रपट डिजिटल. त्यात रीळ नाही, बदलायचं काही नाही. तो ठिपका जुना काळ वाटावा म्हणून नंतर मुद्दाम घातलेला आहे. जगभरच्या जाणकार प्रेक्षकांनी त्याला गोड खोडी म्हटलं. आमच्या खोलीत मात्र तो ज्याच्यासाठी असायचा त्याला दिसला आणि त्याने हातातलं काम केलं. मशीनवाल्याचं नाव कुठल्याही चित्रपटावर कधी आलेलं नाही. त्याच्यासाठी पडद्यावर एवढा ठिपकाच काय तो असे.

तर नावाचा वाद. ‘मँक’ आल्यावर वेल्सचे चाहते चिडले, आणि चिडण्याला कारण होतं. १९७१ साली पॉलीन केल या नामवंत समीक्षिकेने ‘न्यू यॉर्कर’मध्ये दीर्घ लेख लिहून ‘केन’च्या पटकथेचं जवळजवळ सगळं श्रेय मँकिविक्झच्या पदरात टाकलं. पुढच्याच वर्षी दिग्दर्शक पीटर बोग्दानोविच यांनी तिला सडेतोड उत्तर दिलं. पुढे रॉबर्ट कॅरिंजर या अभ्यासकाने पटकथेचे सगळे खर्डे लावून पाहिले आणि दाखवून दिलं की पहिला सांगाडा मँकचा असला तरी वेल्सने त्यावर भरपूर आणि मोलाचं काम केलं होतं. चित्रपट मात्र केलच्या बाजूला झुकतो. १९३४ च्या कॅलिफोर्नियातल्या निवडणुकीत समाजवादी लेखक अप्टन सिंक्लेअरला पाडण्यासाठी स्टुडिओने खोटे वार्तापट काढले, हा इतिहास आहे. पण त्यात मँकचा जीव गुंतला होता आणि तिथला सल ‘केन’मध्ये उतरला, हे चित्रपटाने रचलेलं. काकांनी दुसऱ्या दिवशी हे सगळं शोधून काढलं आणि फोन करून मला रागावून सांगितलं. त्यांचा राग मला पटतो. श्रेय हिरावलं गेल्याची गोष्ट सांगताना दुसऱ्याचं श्रेय कापणं बरं नव्हे.

या वादातली सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. केलने आपल्या लेखासाठी जे संशोधन वापरलं त्यातलं पुष्कळसं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले प्राध्यापक हॉवर्ड सूबर यांचं होतं. तिने त्यांना काही पैसे दिले. लेखात त्यांचं नाव कुठेही नाही. नाव नाकारल्या गेलेल्या लेखकाची बाजू लढवणाऱ्या लेखातच एका माणसाचं नाव नाकारलं गेलं, आणि पैसे त्यालाही मिळाले होते! आमच्या कंत्राटी मुलाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे शिकलेली माणसंसुद्धा हेच करतात.”

शिक्षिकेने वेगळंच काही धरून ठेवलं होतं. ती विचारत होती त्या टंकलेखिकेबद्दल. रिटा अलेक्झांडर नावाची ती तरुणी दिवस दिवस मँकचं बोलणं टिपून घेत होती, त्याला सांभाळतही होती. ‘केन’मधल्या गायिकेला, सुझन अलेक्झांडरला, तिचं आडनाव मिळालं. बाकी चित्रपटावर तिचं काही नाही. “आडनाव घेतलं आणि तेही दुसरीला दिलं,” शिक्षिका म्हणाली.

तिचं हे बोलणं कुठून येतं ते आम्हाला माहीत होतं. तिचं माहेर अक्करपट्टीचं. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ साली सुरू झालं, देशातलं पहिलं. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या, अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं समुद्राकाठावरून उठली. २००५-०६ मध्ये त्या अणुभट्ट्या वीज देऊ लागल्या. केंद्राला नाव तारापूरचं, आणि तारापूर गाव तर तिथून उत्तरेला, आपल्या जुन्या किल्ल्यासह जागच्या जागी आहे. उठलेल्या गावांनी पुनर्वसनाच्या जागी आपली जुनीच नावं नेली. मोबदला मिळाला का, किती मिळाला, यावर तिच्या घरात अजून बोलणं निघतं, ते कोर्टाकचेऱ्यांचं बोलणं आहे आणि त्याचा हिशेब होऊ शकतो. तिचं म्हणणं त्यापलीकडचं. देशात कुठेही तारापूर म्हटलं की लोक ओळखतात. अक्करपट्टी म्हटलं की विचारतात, कुठे आलं ते?

काकांनी आपली सगळी नोकरी त्याच केंद्रात टर्बाइनवर काढली आहे आणि त्याचा त्यांना सार्थ अभिमान आहे. ते तिला तोडून बोलले नाहीत. ते म्हणाले, “आमचीही नावं कुठे आहेत? ग्रिडला वीज गेली, ती कुणी पाठवली हे कुणाला ठाऊक?” ती म्हणाली, “काका, तुमच्या जागी दुसऱ्याचं नाव तर नाही ना लावलं?”

मला वाटतं वादाची गाठ इथे सुटते. आमच्या या जिल्ह्यात बिननावाच्या कामाची मोठी परंपरा आहे. वारल्यांच्या घरात लग्नाच्या वेळी भिंतीवर जो चौक लिहितात तो सवाशिणी लिहितात. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी, गेरूची भिंत. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, मग देवता चौकात येते. त्या चौकाखाली कुणाची सही नसते आणि सही नाही म्हणून कुणाचं काही हिरावलं गेलं असं तिथे कुणाला वाटत नाही. भिंत घराची, चौक देवीचा. पुढे गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली आणि त्यांचं नाव जगभर गेलं, तेही योग्यच झालं. त्रास सुरू होतो तो तिसऱ्या टप्प्यावर. चादरींवर, पिशव्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर तीच चित्रं येतात, खाली कंपनीचा छाप असतो आणि काढणाऱ्याला नगावर मजुरी मिळालेली असते. करार झालेला असतो, पैसेही दिलेले असतात.

नाव नसणं हा अपमान नाही. माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव लागणं हा आहे. मँकने सही केली तेव्हा तो नुसतं आपलं नाव सोडत होता. पटकथा हातावेगळी झाली, आपण आयुष्यात यापेक्षा चांगलं काही लिहिलेलं नाही हे त्याला कळलं, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ही जागा मोकळी राहणार नाही, तिथे दुसरं नाव बसणार आहे. सहीच्या वेळी ही पटकथा अस्तित्वातच नव्हती. जे अजून जन्मलेलं नाही त्याचं नाव विकण्याचा करार माणसाला आयुष्यभर बांधून ठेवू शकतो, असं मला वाटत नाही. आमच्या कंत्राटी मुलाला हे अजून पूर्ण पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, पोट भरलेल्या माणसाला नाव सुचतं. त्यावर मी एवढंच म्हणेन की त्याने स्वतः बसवलेल्या पंपाखालच्या पायावर, सिमेंट ओलं असताना, खिळ्याने आपली आद्याक्षरं कोरली आहेत. हे त्यानेच आम्हाला सांगितलं.

आपल्याकडच्या चित्रपटांकडे बघितलं तर हा विषय आणखी जवळचा होतो. ‘दो आँखें बारह हाथ’ म्हटलं की तोंडात व्ही. शांतारामांचं नाव येतं. यावंही, चित्रपट त्यांचा आहे. बर्लिनला १९५८ साली त्याला रौप्य अस्वल मिळालं. पण खुनी कैद्यांना उघड्या माळावर नेऊन माणसात आणणाऱ्या जेलरची ती कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाचा बिनभिंतींचा तुरुंग खरोखर होता, आणि त्याच संस्थानच्या मातीत गदिमा वाढले होते. गीतकार गदिमा घरोघरी आहेत. पटकथाकार गदिमा किती जणांना आठवतात? तीच गोष्ट सलीम-जावेद यांची, फक्त त्यांनी वाट पाहिली नाही. ‘जंजीर’च्या पोस्टरवर नाव नाही हे पाहून १९७३ साली त्यांनी रंगारी गाठला आणि मुंबईभर पोस्टरांवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं. हे ऐकून मशीनवाल्या काकांना फार आनंद झाला. त्यांच्या पिढीने ते नाव पोस्टरवर वाचून तिकिटं काढली होती.

मला सगळ्यात जास्त हलवून जातो तो मात्र ‘संत तुकाराम’. प्रभातचा, १९३६ चा. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस. मुंबईत एकाच थिएटरात तो वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ साली व्हेनिसला गौरवला गेला. त्याची कथा-पटकथा शिवराम वाशीकरांची. आणि त्यातला बीज आणि झाडाचा जो अभंग आपण तुकोबांचाच म्हणून ऐकत आलो, तो शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेला आहे. गाथेत तो नाही, तरी भल्याभल्यांनी तो गाथेत शोधला. पालघरच्या एका भजनी मंडळात मी तो ऐकला आहे, टाळ-मृदंगावर, तुकोबांच्या अभंगांच्या ओळीने.

इथे आठवल्यांच्या जागी दुसऱ्याचं नाव लागलं आहे, आणि ते नाव साक्षात तुकारामांचं आहे. शिक्षिकेला मी विचारलं, हाही अपमानच का? ती म्हणाली, “आठवल्यांना कदाचित नसेल वाटला. पण ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सांगायला नको का?” या उत्तराला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून मी इथे सांगितलं.

पुढच्या वेळी आम्ही ‘संत तुकाराम’च लावतो आहोत. जागा तीच, नवापूर रस्त्यावरचं मित्राचं घर, थंडी असली तर उकडहंडीही. येणाऱ्यांना एकच विनंती. जुन्या चित्रपटांत नावं शेवटी येत नाहीत, पडदा उजळला की लगेच येतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत संपतात. त्यामुळे वेळेवर या, आणि नावं चालू असताना बोलू नका.